जोतिबा, जोतीराव आणि दुसरा बळीराजा

जोतीराव फुल्यांचं नाव आमच्या जोतिबावरून ठेवलं, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पुण्यात मात्र सांगावं लागतं. आणि सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे ते देवबिव मानायचे?" प्रश्न चांगला आहे, पण उत्तर एका वाक्यात बसत नाही. म्हणून हा शनिवार त्यात घालवला.

आधी नावाचं बघू. जोतीरावांचा जन्म झाला त्या दिवशी जोतिबाची यात्रा होती, म्हणून हे नाव, असं सांगतात. जन्मतारीख ११ एप्रिल १८२७. यात्रा असते चैत्र पौर्णिमेला. थोरामोठ्यांच्या बाबतीत असल्या गोष्टी मागाहून जुळवलेल्या असतात अशी मला कायमची शंका, म्हणून गणित करून पाहिलं. २१ जानेवारी २००० ला पौर्णिमा होती. तिथून ११ एप्रिल १८२७ पर्यंत मागे गेलं की होतात ६३,१०७ दिवस. चांद्रमास सरासरी २९.५३०५९ दिवसांचा. भागाकार आला २,१३७.००. दशांशचिन्हापुढे दोन शून्यं! म्हणजे पौर्णिमा होती, आणि महिना चैत्रच. गोष्ट खरी निघाली.

त्या भरात आणखी एक हिशेब केला. ईस्टरसुद्धा वसंतातल्या पौर्णिमेवरून ठरतो, पौर्णिमेनंतरचा रविवार. १८२७ मध्ये ईस्टर आला १५ एप्रिलला, आणि गुड फ्रायडे १३ एप्रिलला. म्हणजे ज्या पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत होत्या, त्याच पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी पुण्यामुंबईचे पाद्री येशूच्या मरणाची प्रार्थना म्हणत होते. योगायोग आहे, त्याला काही अर्थबिर्थ लावायचा नाही. पण पुढच्या गोष्टीला तो शोभतो खरा.

ज्यांनी डोंगर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. कोल्हापूरच्या वायव्येला सतरा-अठरा किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात वाडी रत्नागिरी. सध्याचं मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं, शिंद्यांचं ते कुलदैवत. यात्रेला गावोगावच्या सासनकाठ्या येतात, चांगभलंचा गजर होतो, आणि गुलाल इतका उधळला जातो की देवळाच्या पायऱ्या, माणसं, कुत्री, सगळं गुलाबी. पांढरा शर्ट घालून गेलात तर त्याची आशा सोडा. इथं येणारा प्रत्येक जण श्रद्धाळू असतो असं मुळीच नाही. आईवडिलांना गाडीतून घेऊन आलेले, स्वतः काही न मानणारे आणि तरी कपाळाला गुलाल लावून घेणारे आपल्या वयाचे लोक इथं पुष्कळ दिसतात. (होय, मीही.)

तर मूळ प्रश्न. फुले देव मानायचे का? ते नास्तिक नव्हते. विश्वाचा एक निर्माणकर्ता आहे असं ते मानत, त्याला त्यांनी शब्द दिला 'निर्मिक'. पण ज्या धर्मात जन्मले त्यातले अवतार, मूर्ती, पुराणं, सोवळंओवळं, भटजींची मध्यस्थी हे सगळं त्यांनी सोडलं. अवतार तर सोडले एवढंच नाही, १८७३ च्या 'गुलामगिरी'त एकेक करून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. वामन हा त्यांच्या लेखी परका आक्रमक, आणि त्यानं ज्याला पाताळात घातलं तो बळी हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा.

आता गंमत बघा. याच पुस्तकात त्यांनी महाराष्ट्राच्या खेडोपाडीच्या देवांना हात लावला, पण तो फोडण्यासाठी नाही. खंडोबा म्हणजे बळीच्या राज्यातल्या खंडाचा अधिकारी. म्हसोबा म्हणजे महासुभा. आणि आपला जोतिबा? तोही बळीचा एक अधिकारी, कोल्हापूरजवळच्या याच डोंगरावर राहून आसपासचा मुलूख सांभाळणारा. ज्याचं नाव स्वतःला मिळालं त्या देवाला फुल्यांनी देव्हाऱ्यातून उतरवलं आणि कचेरीत नेऊन बसवलं. चांगल्या राजाचा चांगला सुभेदार.

इतिहास म्हणून हे टिकत नाही, हे सांगून टाकतो. व्युत्पत्त्या ओढूनताणून आणलेल्या आहेत, पुरावा म्हणावा असं काही नाही. पण माणूस काय करतोय ते बघण्यासारखं आहे. श्रद्धा गेली, तरी आदर टाकून द्यायची त्याची तयारी नाही. मग तो आदरासाठी दुसरी जागा शोधतो. देवपण काढून घेतो आणि माणूसपण देतो. लोक डोंगरावर जातात ते चमत्कारासाठी, पण मुळात तिथं कुणीतरी चांगला कारभारी होऊन गेला असेल, असं काहीसं.

नेमकं हेच त्यांनी येशूचं केलं.

'गुलामगिरी'च्या दहाव्या भागात येशू येतो तो 'दुसरा बळीराजा' म्हणून. दीनदुबळ्यांची बाजू घेतली, म्हणून दुष्टांनी मारलेला पश्चिमेकडचा बळी. तारणहार, देवाचा एकुलता एक पुत्र, पापांचं प्रायश्चित्त, ही जी ख्रिस्ती धर्माची खरी यंत्रणा, तिच्यावर फुल्यांचा भर नाही. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, मरेपर्यंत नाही. पण हा माणूस त्यांना आपला वाटला. दिवाळीच्या पाडव्याला बायका ओवाळताना ज्याचं राज्य परत येवो म्हणतात, त्या बळीच्या शेजारी त्यांनी त्याला पाट मांडून बसवलं. एका मराठी माणसानं येशूला याहून मोठा मान दुसरा कुठला द्यायचा?

ही युक्ती त्यांना सुचली कुठून? थोडं श्रेय टॉमस पेनला जातं, असं माझं मत.

फुल्यांनी १८४७ च्या सुमारास, सदाशिव बल्लाळ गोवंडे वगैरे मित्रांबरोबर, पेन वाचला. चरित्रकार 'राइट्स ऑफ मॅन'चं नाव घेतात, आणि माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांची फुल्यांची भाषा तिथली आहे यात वाद नाही. पण फुल्यांचं शेवटचं पुस्तक, 'सार्वजनिक सत्यधर्म', वाचताना मला सारखं पेनचं दुसरंच पुस्तक आठवतं, 'द एज ऑफ रीझन'. दोन्हीकडे अफाट आकाश आणि त्यातल्या अनेक सूर्यमाला आहेत. दोन्हीकडे तो सगळा पसारा हीच निर्माणकर्त्याची खूण. आणि दोन्हीकडे एकच ठाम म्हणणं, की माणसांनी लिहिलेलं कुठलंही धर्मपुस्तक आरपार सत्य नाही.

पेन हा खराखुरा माजी श्रद्धाळू. जन्म १७३७, इंग्लंडातल्या थेटफर्डचा. बाप क्वेकर, आई इंग्लंडच्या राजमान्य चर्चची. सात-आठ वर्षांचा असताना त्यानं एक प्रवचन ऐकलं, देवानं आपल्या मुलाचा बळी देऊन जगाचं तारण कसं केलं यावर. बाहेर बागेत आला आणि त्याच्या मनात आलं, की एखाद्या माणसानं असं केलं असतं तर आपण त्याला फाशी दिली असती. ही आठवण तो स्वतः सांगतो. 'एज ऑफ रीझन'चा पहिला भाग त्यानं पॅरिसमध्ये लिहिला आणि १७९३ च्या डिसेंबरात तुरुंगात जाता जाता हस्तलिखित मित्राच्या हाती दिलं. त्यात त्यानं बायबलची अक्षरशः चिरफाड केली. विसंगती काढल्या, चमत्कारांची टर उडवली. पण येशूपाशी आल्यावर सूर एकदम बदलतो. हा सद्गुणी, लाघवी माणूस होता, त्यानं समतेची आणि दयेची शिकवण दिली, पुरोहितांच्या लोभावर बोलला आणि म्हणून जिवाला मुकला, असं पेनचं म्हणणं. क्वेकरांबद्दलही असंच. त्यांची परोपकारी वृत्ती त्याला फार आवडे, पण जग निर्माण करताना एखाद्या क्वेकराचा सल्ला घेतला असता तर एक फूल रंगीत झालं नसतं आणि एक पक्षी गायला नसता, असा चिमटाही तो काढतो. घर सोडलेला मुलगा घरच्यांबद्दल बोलतो ना, तसं.

या पुस्तकाचा हिंदुस्थानातला प्रवास मात्र विचित्र झाला. इंग्लंडात ते छापल्याबद्दल लोक तुरुंगात जात होते, रिचर्ड कार्लाइल तर १८१९ पासून सहा वर्षं आत होता. इकडे कलकत्त्यात इंग्रजी शिकलेल्या पोरांच्या त्यावर उड्या पडत होत्या आणि अलेक्झांडर डफसारखे मिशनरी कपाळाला हात लावत होते. कारण उघड आहे. मिशनरी पुराणांची टर उडवणार, तर पेन हातात घेऊन बायबलची टर उडवता येत होती, तीही त्यांच्याच भाषेत. मुंबई इलाख्यातही ख्रिस्ती धर्माशी वाद घालणाऱ्यांना हा दारूगोळा उपयोगी पडला.

आणि फुल्यांनी? त्यांनी त्याच पेनकडून पुरोहितशाही ओळखण्याची नजर घेतली, आणि ती वळवली घरच्या पुरोहितांकडे. मिशनऱ्यांवर त्यांनी तिचा मारा केला नाही. 'गुलामगिरी'त तर अमेरिकन आणि स्कॉच उपदेशकांनी ब्राह्मणांच्या कोटाची भिंत पाडली असं म्हणून त्यांचे आभार मानलेत.

हे असं का, याचं उत्तर पुस्तकात शोधून मिळत नाही, शाळेत मिळतं. पेनच्या इंग्लंडात चर्च म्हणजे सत्ता. राजाचं चर्च, त्याला द्यावा लागणारा दशमांश कर, धर्मनिंदेचे खटले. फुल्यांच्या पुण्यात सत्ता दुसऱ्यांची होती. तिथं पाद्री म्हणजे माळ्याच्या पोराला बाकावर बसू देणारा मास्तर. १८४१ मध्ये फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. शिक्षण मध्येच सुटलेल्या या मुलाला परत शाळेत घाला म्हणून वडिलांच्या मागे लागणारे दोघे होते, गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती. मग १८४८ मध्ये त्यांनी अहमदनगरला सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहिली.

या फरारबाईंवर दोन ओळी लिहायलाच हव्यात, कारण आपल्याकडे त्यांचं नाव सावित्रीबाईंच्या चरित्रातल्या एखाद्या वाक्यात येतं आणि संपतं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या. १८२७ च्या शेवटी, म्हणजे फुले जन्मले त्याच वर्षी, त्या मुंबईला उतरल्या. लग्न न झालेल्या बाईला एकटीला परदेशी मिशनवर पाठवण्याची अमेरिकन बोर्डाची ही पहिलीच वेळ. पुढची चौतीस वर्षं मुलींच्या शाळा चालवल्या, आधी मुंबईत, मग नगरला, आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांची शाळा पाहून पुण्याला परतलेल्या एकवीस वर्षांच्या फुल्यांनी त्याच वर्षी भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, आपण काही वर्षं मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत शिक्षक होतो असंही त्यांनी नमूद केलं. म्हणजे पेन चर्चला ओळखत होता तो कर भरणाऱ्याच्या बाजूनं. फुले ओळखत होते ते सहकारी म्हणून.

असा आदर कोल्हापुरा-मिरजेकडे अजूनही भेटतो. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी नावाची वस्ती आहे, १८८९ मध्ये आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाची. जन्मात चर्चची पायरी न चढलेली म्हातारी माणसं वानलेसचं नाव घेताना आवाज खाली आणतात. पण ते श्रद्धा न बदलता केलेलं कौतुक. फुल्यांची गोष्ट त्याहून अवघड होती, कारण ते आधीच्या घरातून बाहेर पडले होते आणि दुसऱ्या घरात जायला तयार नव्हते.

त्या काळी अशी मधली जागाच नव्हती. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत लहान होता, मिशनऱ्यांकडे राहिला होता, कोर्टानं त्याला बापाकडे परत पाठवलं. बाप्तिस्मा झालेला नव्हता, फक्त त्यांच्यात जेवला होता. तरी त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबई आणि पुणं पेटलं. प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना केवढा त्रास झाला! एका पोराच्या जेवणावरून ही गत, तिथं दोन्ही दारांच्या मध्ये उभं राहून 'मी तुमचाही नाही, त्यांचाही नाही, पण त्यांचा येशू मला मोठा वाटतो' असं म्हणणं म्हणजे काय असेल? बाबा पदमनजींसारखे सुधारक त्या दारातून पलीकडे गेले, १८५४ मध्ये बेळगावला. फुले गेले नाहीत.

त्याचा त्रास दोन्हीकडून झाला. इकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त यथेच्छ खिल्ली उडवली, आणि मिशनऱ्यांचा पोपट हा शिक्का पुढे शंभर वर्षं पुसला गेला नाही. तिकडे मिशनऱ्यांच्या हिशेबात ते कधीच 'आपले' झाले नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर पुण्यात गहजब झाला, तेव्हा फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' काढून बाईंची बाजू घेतली. स्वतः न गेलेल्या दारातून दुसरं कुणी गेलं तर त्याला दगड मारायचे नाहीत, एवढं त्यांना पक्कं कळलेलं होतं. खुद्द रमाबाईही चर्चच्या प्रत्येक सिद्धांतावर त्यांच्या धर्मगुरूंशी भांडत राहिल्या, तो एक वेगळाच विषय आहे, पुन्हा कधीतरी.

टीका करायची तर इथं करतो. फुल्यांनी मिशनऱ्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले, तेवढे द्यायला नको होते. जात चर्चच्या दारात चपला काढून आत गेली होती, ती बाहेर राहिली नव्हती. 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांना. सुंदर अर्पणपत्रिका आहे, पण चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतून सैन्य काढून घेतलं गेलं आणि मुक्त झालेल्या काळ्या लोकांना त्यांच्या जुन्या मालकांच्या हवाली केल्यासारखं झालं. ज्या बायबलनं गुलामीविरोधकांना बळ दिलं, त्याच बायबलचे दाखले मालकही देत होते. पेननं ही बाजू पाहिली असती. फुल्यांच्या जागेवरून ती दिसायला अवघड होती, आणि त्यांना आपल्या वैऱ्याचा वैरी हवाही होता.

तरीही, दोघांत मला फुल्यांचा येशू जास्त आवडतो. पेनचा येशू एकटा आहे. एक भला माणूस होऊन गेला, त्याच्या नावावर पुढं धंदा झाला, बस. फुल्यांनी त्याला सोबत दिली. बळी आहे, खंडोबा आहे, आमचा जोतिबा आहे. 'सार्वजनिक सत्यधर्म'मध्ये तर त्यांनी एक अख्खं कुटुंबच उभं केलंय. बाईनं बौद्ध ग्रंथ वाचून हवं तर बौद्ध व्हावं, नवऱ्यानं बायबल वाचून ख्रिस्ती, मुलीनं कुराण वाचून मुसलमान आणि मुलानं सत्यधर्मी. आणि चौघांनी एकाच घरात, कुणाचा द्वेष न करता राहावं. हे १८९० च्या आधी लिहिलंय. आज कुठल्याही हाउसिंग सोसायटीत असं घर भाड्यानं मागून बघा.

हे पुस्तक त्यांनी डाव्या हातानं लिहिलं. १८८८ मध्ये पक्षाघातानं उजवी बाजू गेली होती.

शेवट दोघांचाही मनासारखा झाला नाही. पेन १८०९ मध्ये न्यूयॉर्कला वारला. सोडलेल्या धर्माबद्दल मनात ओलावा असा, की क्वेकरांच्या दफनभूमीत जागा द्या अशी त्यानं विनंती केली होती. क्वेकरांनी नाही म्हटलं. त्याच्याच शेतात पुरलं, मोजकी माणसं हजर होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट नावाच्या त्याच्या भक्तानं हाडं उकरून इंग्लंडला नेली, मोठं स्मारक बांधायचं म्हणून. स्मारक झालं नाही आणि हाडं पुढे कुठे गेली त्याचा पत्ता लागला नाही.

फुल्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, आपल्याला जाळू नका, मिठात घालून पुरा. घरामागे खड्डाही खणून ठेवलेला होता. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, तेव्हा वस्तीत पुरता येणार नाही असं म्हणून नगरपालिकेनं परवानगी नाकारली. दहन करावं लागलं. अंत्ययात्रेपुढे टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंद यशवंताच्या आड आले, कारण तो दत्तक, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते धरलं. 'सार्वजनिक सत्यधर्म' यशवंतानं पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, छापून काढलं.